आधी गज, मग भिंग

सकाळी सात

बर्मिंगहॅममध्ये उन्हाळ्यातले सात म्हणजे कुडाळात साडेअकरा, त्यामुळे गावाकडचे फोन याच वेळेला येतात. आज भाचा होता.

"आत्या, माळा झाडताना पणजोबांची ठासणीची बंदूक सापडली. पार गंजलीय. पॉलिशपेपरने घासून लखलखीत करू?"

"घासायचं नावसुद्धा काढू नकोस. आधी सांग, भरलेली आहे का?"

"इतकी वर्षं पडून आहे, भरलेली कशी असेल?"

हा प्रश्न मला सगळीकडे ऐकू येतो, आणि उत्तर तेच द्यावं लागतं. काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते. डुकरांपासून शेत राखण्यासाठी ठासून ठेवलेला बार तसाच आत असू शकतो. बंदूक होती तिथे ठेव, तोंड भिंतीकडे असू दे, आत सळी खुपसू नकोस, परवान्याचे कागद शोध आणि पोलीस ठाण्यात कळव, असं त्याला सांगितलं. दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही अशा जुनाट हत्याराला १९५९च्या शस्त्र कायद्यात सूट आहे. पण आपली बंदूक त्यात बसते की नाही, हे घरच्यांनी माळ्यावर उभं राहून ठरवायचं नसतं.

नऊ

लिलाव जवळ आलाय, म्हणून शनिवार असूनही टेबल भरलेलं आहे. जुन्या बंदुका ओळखून लिलावघरासाठी त्यांच्या नोंदी लिहायच्या, हे माझं काम. सुरुवात गजाने होते. लाकडी गज नळीत अलगद सोडायचा, टेकला की नळीच्या तोंडाशी पेन्सिलीची खूण करायची. मग तोच गज बाहेरून नळीवर धरायचा, खूण तोंडाशी जुळवून. त्याचं दुसरं टोक कानापाशी, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बत्तीच्या छिद्रापाशी, पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. चिंधी असेल, गांधीलमाशीचं घर असेल, किंवा खरोखरच बार असेल. काहीही असो, ती बंदूक टेबलावरून उठते आणि थेट कारागिराकडे जाते. बाकीच्या बंदुकांसाठी मी भिंग हातात घेते.

पहिली तोड्याची. कुणीतरी चिठ्ठीवर 'पौर्वात्य बंदूक, एकोणिसावं शतक' एवढंच लिहिलंय. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीला बाहेर लॉकप्लेट नसते. तोडा, म्हणजे पेटती वात, धरणारा आकडा लाकडाच्या पोटातूनच वर येतो आणि चाप ओढला की पुढे, नळीच्या तोंडाच्या दिशेने झुकून रंजकाच्या वाटीत उतरतो. दस्त्याच्या बाजूला कान मोकळा करायची सुई खोचायला जागा असते. नळी चामडी वाद्यांनी किंवा तारेने आवळलेली. अस्सल नळी लोखंडाच्या पट्ट्या पिळून, ठोकून, जोडून केलेली असते, आणि तिरप्या उजेडात धरली की पीळ दिसतो. पर्यटकांसाठी बनवलेल्या नकली बंदुकीला साधा पाइप लावतात.

या नळीच्या बुडाशी गंजाखाली बारीक ठिपके होते. मऊ ब्रशने धूळ झटकली, दिवा बाजूला सरकवला आणि ठिपके जुळून देवनागरी आकडे झाले. अशी ठिपक्यांची नोंद शस्त्रागारात होत असे. बिकानेरच्या शिलेखान्यातली हत्यारं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. पण नुसत्या आकड्यांवरून बिकानेर लिहिणं मला पटत नाही. 'शस्त्रागाराची देवनागरी खूण' एवढं लिहिलं आणि प्रत्येक आकड्याचा फोटो जोडला. पॉलिशपेपरचे चार हात फिरले असते, तर या बंदुकीकडे स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

दहा

ईस्ट इंडिया कंपनीची गारेची बंदूक. नळी ३९ इंच, म्हणजे इंडिया पॅटर्न. ब्रिटिश लष्कराच्या आधीच्या नमुन्यांची नळी ४६ आणि ४२ इंचांची. फ्रान्सशी युद्ध पेटलं, बंदुका कमी पडल्या, तेव्हा सरकारने कंपनीकडूनच या बंदुका घेतल्या आणि १७९७मध्ये तोच नमुना आपलासा केला. लॉकप्लेटवर कंपनीचा चार खणांचा बदाम आहे. १८०८च्या सुमाराला बदाम गेला आणि पंजात मुकुट धरलेला सिंह आला. म्हणजे ही बंदूक त्याआधीची, १८०३च्या असईच्या लढाईच्या काळातली. असईला होती असं मात्र मी लिहिणार नाही. कंपनीने अशा बंदुका ढिगाने बनवून घेतल्या, आणि ही कुठे फिरली ते तिच्या अंगावर कुठेही नोंदलेलं नाही.

अकरा

आता दोन एन्फिल्ड. आजच्या दिवसातलं खरं काम हे.

पहिली पाच मिनिटांत निकालात निघाली. लॉकप्लेटवरच्या TOWER या शिक्क्याऐवजी अक्षरं वेडीवाकडी, एक अक्षर उलटं, मुकुट म्हणजे नुसता गोळा. खैबर खिंडीच्या बाजूला हाताने घडवलेली नक्कल. तशी नोंद झाली की तिलाही गिऱ्हाईक मिळतं, आणि मिळावं. घडवणाऱ्याचा हात चांगला आहे.

दुसरी खरी आहे. सोबत विकणाऱ्याची चिठ्ठी: '१८५७च्या बंडातली रायफल, घराण्यात चालत आलेली.' लिलावघराला हे मथळ्यात हवंय, कारण १८५७चा आकडा दिसला की बोली चढते.

लांबून पाहिलं तर पॅटर्न १८५३च. तीन कड्या, ३९ इंच नळी, टोपीचा घोडा. पण नळीच्या तोंडात टॉर्च धरला आणि आत आटे नाहीत. रायफलला तीन आटे हवेत, ही आतून गुळगुळीत. झिजून गेले असतील असं कुणी म्हणेल, म्हणून व्यास मोजला. रायफलचा व्यास .५७७ इंच, हिचा .६५६. झिजेने इतका फरक पडत नाही. नळी मुद्दाम पोखरून मोठी केलेली आहे. मागची माशी वरखाली होणारी नाही, पक्की बसवलेली. लॉकप्लेटवर मुकुट, TOWER आणि १८५९.

म्हणजे ही पॅटर्न १८५८, हिंदुस्थानी पलटणींसाठी काढलेली. १८५७ नंतर इंग्रजांनी ठरवलं की देशी शिपायाच्या हातात रायफल द्यायची नाही. एन्फिल्डचंच रूप ठेवलं, आतले आटे काढले आणि लांबचा नेम काढून घेतला. पोखरल्यामुळे नळीची जाडी इतकी कमी झाली की पुढच्याच नमुन्यात, १८५९मध्ये, जाड नळी द्यावी लागली. हिच्या तोंडाशी बोट फिरवलं की तो पातळपणा लागतो. बंडानंतर सरकारच्या मनात आपल्या शिपायांविषयी काय होतं, ते या काठाइतकं उघड मी कुठल्या कागदात पाहिलेलं नाही.

विकणाऱ्याची गोष्ट खोटी ठरली तरी बंदुकीची गोष्ट त्याहून मोठी निघाली, आणि मला तीच लिहायची आहे.

दीड

डबा गाडीतच खाल्ला. वॉरिकजवळच्या वेजनॉक रेंजवर ठासणीच्या बंदुका चालवणाऱ्यांचा मेळा असतो. इथे जुनी बंदूक शोभेची म्हणून घरात ठेवायला परवाना लागत नाही. चालवायची म्हटली की लागतो, आणि काळ्या दारूसाठी वेगळा. टेबलावरच्या तोड्याच्या बंदुकीतून मी कधीही बार काढणार नाही. तिची नळी आतून काय सोसून आली आहे, हे बाहेरून कळत नाही. माझी रोजची एन्फिल्ड पार्कर-हेलची आहे, बर्मिंगहॅमलाच जुन्या मापांवरून बनलेली. तिच्यावर इथल्या प्रूफ हाउसचा शिक्का आहे. १८१३पासून तिथे नेहमीपेक्षा जास्त बार भरून नळी तपासतात आणि टिकली तरच शिक्का उठवतात.

दोन

टोपी बसते ते निपल मोकळं आहे का ते आधी बघायचं. नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ न्यायचं, नुसती टोपी लावून चाप ओढायचा. पातं हललं की वाट मोकळी. आज हललं नाही. तेल अडकलं होतं. सुई घातली, दुसरी टोपी उडवली, पातं फडफडलं.

शेजारचा नवा मुलगा शिंगातून थेट नळीत दारू ओतायला निघाला होता. त्याचा हात धरला. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल, तर हातातलं अख्खं शिंग पेटतं. दारू मापात घ्यायची, शिंग बंद करून बाजूला ठेवायचं, मग माप नळीत रिकामं करायचं. इथे घाई करणाऱ्याला मी गप्प राहून बघू शकत नाही.

एन्फिल्डचा लष्करी बार अडीच ड्रॅमचा, साधारण साडेचार ग्रॅम. गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे जवळपास ३४ ग्रॅम शिसं. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून सहज सरते. बार उडाला की तिचं पोकळ बूड फुलतं, आट्यांत रुततं आणि गोळी फिरत निघते. गज दाबून गोळी दारूवर पक्की टेकली की नाही हे मी दर वेळी बघते. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटूही शकते.

धडाका, खांद्याला रेटा, आणि समोर पांढरा धूर. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता धुरात आणि नळीत घन रूपात राहतो, म्हणून निशाणाचं काय झालं ते वाऱ्याने धूर हलवल्याशिवाय कळत नाही. काही बारांनंतर गोळी खाली रेटायला जोर लागतो. चरबी-मेण लावलेली काडतुसं कशासाठी होती, हे तेव्हा दंडाला समजतं. चरबी कसली, या प्रश्नावर जे पेटलं ते आपल्याला ठाऊक आहे; पण ती लागतच का होती, ते मी या मैदानावर शिकले.

साडेपाच

घरी आल्यावर आधी बंदूक, मग चहा. कढत पाणी नळीतून ओतायचं, चिंधी काळी निघायची थांबेपर्यंत. दारूचे क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि रात्रीत गंज चढतो, तेव्हा उद्यावर टाकायची सोय नाही. कोरडी करून तेलाचा हात दिला.

आठ

लिलावघराचा निरोप: मथळ्यात '१८५७' ठेवता येईल का? फोन करून सांगितलं, लॉकप्लेटवर १८५९ आहे, नळी गुळगुळीत आहे, माझ्या नोंदीखाली ते जाणार नाही. थोडी हुज्जत झाली, मग मान्य केलं. आधारभूत किंमत खाली आणली. नोंद अशी पाठवली: 'पॅटर्न १८५८, हिंदुस्थानी पलटणींसाठी. नळी ३९ इंच, आटे नसलेली, व्यास .६५६. मागची माशी पक्की. लॉकप्लेटवर मुकुट, TOWER, १८५९. नळी रिकामी असल्याची खात्री केलेली. पृष्ठभाग मूळ अवस्थेत. खरेदीदाराने घासू नये.'