टॉवर सबवे : एका परित्यक्त भुयारी रेल्वेचा तांत्रिक विचार

भूमिगत रेल्वेचा विचार करताना भुयार खणण्याचा प्रश्न आणि त्यातून वाहतूक चालविण्याचा प्रश्न हे दोन्ही एकच मानण्याकडे प्रवृत्ती असते. वस्तुतः ते परस्परांहून भिन्न असून एकाचे उत्तर दुसऱ्यास बाधकही ठरू शकते. लंडन येथील टॉवर सबवे हे त्याचे बोलके उदाहरण होय. टेम्स नदीखालून टॉवर हिल व दक्षिण तीर ह्यांना जोडणारी ही रेल्वे ऑगस्ट १८७० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंद पडली.

नदीखालील भुयाराचा पूर्वानुभव कटू होता. मार्क ब्रुनेल ह्यांनी १८२५ मध्ये आरंभिलेले टेम्सखालील भुयार पुरे होण्यास १८४३ साल उजाडले. सुमारे ३८ फूट रुंदीचे ते भुयार नदीच्या तळाच्या अगदी जवळून नेल्यामुळे पाणी वारंवार आत घुसले व मनुष्यहानीही झाली. पुढे लँबेथ पुलाच्या कामावर बिडाची नळकांडी चिकणमातीत सहज उतरतात, हे पीटर बार्लो ह्यांच्या ध्यानी आले. असेच नळकांडे आडवे रेटीत नेता येईल, ही त्यांची कल्पना. छेद लहान व वर्तुळाकार ठेवावयाचा आणि पाणी न झिरपणाऱ्या चिकणमातीच्या थरातूनच मार्ग न्यावयाचा, हे तिचे सार होते.

जेम्स हेन्री ग्रेटहेड ह्या तरुण अभियंत्याने सुमारे १,३४० फुटांचे हे काम १८६९ मध्ये वर्षाच्या आत तडीस नेले. लोखंडी ढाल सहा स्क्रू-जॅकांनी पुढे रेटावयाची, तिच्या मागील भागाच्या आडोशाला १८ इंच रुंदीचे बिडाचे कडे तुकड्यातुकड्यांनी जुळवावयाचे आणि ढाल सरकल्यावर कडे व माती ह्यांमध्ये उरलेल्या पोकळीत पातळ कालवलेला चुना भरावयाचा, असा क्रम होता. मातीचा दाब सर्व बाजूंनी जवळजवळ सारखा असला म्हणजे वर्तुळाकार कडे मुख्यतः संपीडनात राहते. बीड संपीडनात बळकट व ताणात दुबळे असल्याने हा आकार त्यास अनुकूल होता. डिसेंबर १९४० मध्ये जवळ बॉम्ब पडून भुयार दबले, तरी त्याचे अस्तर फुटले नाही.

परंतु ज्या लहान व्यासामुळे खोदकाम सुकर झाले, त्यानेच वाहतुकीस मर्यादा घातली. सुमारे ७ फूट व्यासात एकच रूळमार्ग बसला. त्यावर १२ उतारूंचा एकच डबा, दोन्ही टोकांच्या लहान वाफयंत्रांनी दोराने ओढला जाऊन, ये-जा करी. नदीखालील प्रवास सुमारे ७० सेकंदांचा. मात्र लिफ्टची चढउतार व डबा भरणे ह्यांचा वेळ वेगळा. एका खेपेस एकूण ५ मिनिटे धरली, तर दोन्ही दिशा मिळून तासास १४४ उतारू होतात. रेल्वे काढून भुयार पादचाऱ्यांस अर्धा पेनी शुल्काने खुले केल्यावर आठवड्यास सुमारे २०,000 माणसे त्यातून जाऊ लागली, म्हणजे दिवसाला सरासरी २,८५७. वरील गृहीतानुसार एवढी माणसे नेण्यास तो डबा रोज सुमारे २० तास अखंड व पूर्ण भरून चालवावा लागला असता. उणीव मागणीची नव्हती, वहनक्षमतेची होती.

१८९४ मध्ये टॉवर ब्रिज खुला झाल्यावर पादचारीही ओसरले. १८९८ मध्ये भुयार बंद होऊन पुढे जलवाहिन्यांच्या उपयोगास आले. ग्रेटहेड ह्यांची पद्धती मात्र टिकली. १८९० मध्ये सुरू झालेल्या सिटी अँड साउथ लंडन रेल्वेसाठी त्यांनी १० फुटांहून किंचित अधिक व्यासाची दोन भुयारे, प्रत्येक दिशेस एक, योजिली. ढाल द्रवदाबाच्या जॅकांनी रेटली आणि पाणथळ वाळूत दाबयुक्त हवेचा आश्रय घेतला. तेथेही प्रारंभी दोराने गाड्या ओढण्याचाच बेत होता; तो सोडून विजेचा अंगीकार केल्यावरच लागोपाठ गाड्या चालविणे साधले.

म्हणून भुयाराचा व्यास हा केवळ मृद्‌यांत्रिकीचा विषय नव्हे. तासास किती उतारू न्यावयाचे, हे आधी ठरवूनच तो निश्चित केला पाहिजे. एकदा कडी बसविल्यावर तो सहजासहजी वाढविता येत नाही.