आधी घुबडाची चौकशी

आर्लान्सोन नदीचं पाणी भर जुलैतही बोटं बधिर करतं. स्पेनमधल्या बुर्गोस शहराजवळ आतापुएर्काच्या टेकड्या आहेत. तिथल्या गुहांत खणून काढलेली माती पिशव्या भरभरून या काठावर येते. एकावर एक चाळण्या रचलेल्या असतात. वरची जाड भोकांची, खालची अर्ध्या मिलिमीटरची. वरून रबरी नळीनं पाणी सोडायचं आणि ढेकूळ आपलं आपण विरघळेपर्यंत थांबायचं. पहिल्या दिवशी मला हे थांबणं जमलं नाही. एक ढेकूळ अंगठ्यानं दाबलं. आत नखाएवढा जबडा होता, त्याचे दोन तुकडे झाले. शेजारी धुणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत. माझ्या हातातली नळी त्यांनी काढून घेतली आणि मला चिठ्ठ्या बांधायला बसवलं.

शिक्षा म्हणून मिळालेलं ते काम खरं तर सगळ्यांत जोखमीचं. कोणता थर, कोणता चौकोन, किती खोली, एवढं त्या चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी वाहून गेली, की आठ लाख वर्षांपूर्वीचा दात आणि काल मेलेल्या उंदराचा दात यांत फरक सांगणं मुश्कील.

धुऊन उरलेला गाळ उन्हात पसरला, की भरड रव्यासारखा दिसतो. मग निवडणं-टिपणं. आपण तांदळातून खडे काढतो. इथे खड्यांतून दाणे काढायचे, तेही भिंगाखाली, ओल्या कुंचल्याच्या टोकानं. उंदराची बरगडी, बेडकाचं मांडीचं हाड, सरड्याच्या जबड्याचा तुकडा. पण सगळ्यांचा जीव अडकलेला असतो दाढांत. तिथल्या गवताळ रानात व्होल नावाचा आखूड शेपटीचा, गुबगुबीत उंदीर असतो. त्याची दाढ वरून पाहिली तर त्रिकोणांची नागमोडी नक्षी दिसते. त्रिकोण किती आणि कसे जोडलेले, यावरून जात ठरते.

ग्रान दोलिना ही इथली मोठी गुहा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खाणीच्या रेल्वेसाठी डोंगर कापला, तेव्हा तिचं पोट उघडं पडलं. १९९४ साली तिच्या सहाव्या थरात माणसाची हाडं मिळाली आणि १९९७ मध्ये त्या माणसाला ‘होमो अँटिसेसर’ हे नाव मिळालं. वर्तमानपत्रांत तो गाजला. पण तो थर किती जुना, याचा एक पुरावा दिला एका उंदरानं. ‘मिमोमिस साविनी’ या पाणव्होलच्या दाढांना मुळं असत; त्याच्या वंशजांच्या दाढा बिनमुळाच्या झाल्या आणि जन्मभर वाढत राहू लागल्या. ज्या थरात मुळं असलेली दाढ, तो थर जुना. उंदराच्या दाढेला घड्याळ म्हणतात ते उगीच नाही.

थराचं वय झालं, त्या काळचं हवामान ताडण्याचं गणित वेगळं. घोडा-हत्ती कोसच्या कोस चालतात, ऋतू पाहून मुक्काम हलवतात. उंदीर, बेडूक, सरडा यांचं जग एका बांधाएवढं. ते जिथे सापडले, तिथलीच हवा त्यांना मानवत होती, असं धरता येतं. मग एका थरातल्या बेडूक-सरड्यांच्या जाती घ्यायच्या. आज त्या कुठे कुठे राहतात, याचे दहा-दहा किलोमीटरच्या चौकोनांत आखलेले नकाशे एकमेकांवर ठेवायचे. सगळ्या जाती एकत्र नांदतात असे चौकोन उरले, की तिथलं आजचं सरासरी तापमान आणि पाऊस पाहायचा. त्या थराची हवा साधारण तशी. मला ही युक्ती फार आवडली. चिचुंद्र्याही साक्ष देतात. तिकडच्या काही चिचुंद्र्यांच्या दातांची टोकं लोहामुळे लाल असतात आणि तो लाल रंग जीवाश्मातही टिकतो. ढोबळमानानं या लालदाती ओल आणि गारवा धरून राहतात, पांढऱ्या दातांच्या उबेला.

इथवर सगळं सरळ वाटतं. पण हे उंदीर गुहेत आले कसे? स्वतःच्या पायांनी फार थोडे. बहुतेकांना आणलं घुबडानं. ते उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली केस-हाडं गोळी करून ओकून टाकतं. म्हणजे आपल्या हाती येते ती रानातल्या उंदरांची शिरगणती नव्हे, घुबडाच्या ताटातली. गव्हाणी घुबड उघड्या गवतावर शिकार करतं, त्याच्या ताटात व्होलच जास्त पडणार. त्या आकड्यांवर कोणी ‘इथे गवताळ रान होतं’ असं लिहिलं, तर ते रानाचं वर्णन की घुबडाच्या आवडीचं?

म्हणून दाढ पुन्हा भिंगाखाली जाते, या वेळी जात ओळखायला नाही, तर जठररसाच्या खुणा शोधायला. गव्हाणी घुबडाच्या पोटातून आलेल्या दाढांचे कोपरे बहुधा धारदार राहतात. शृंगी घुबडाच्या पोटातले बोथट होतात, चकाकी जाते. कोल्ह्याच्या तावडीतली हाडं चावलेली आणि जास्तच झिजलेली. जीवाश्मतज्ज्ञ पीटर अँड्र्यूज यांनी १९९० मध्ये या खुणांवर अख्खं पुस्तक लिहिलं. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातला प्रामाणिकपणा इथेच आहे. साक्षीदाराचं ऐकण्याआधी त्याला कोर्टात कोणी आणलं, हे विचारायचं.

आपल्याकडे गुहेतल्या हाडांचं असं काम कुर्नूल भागातल्या बिल्लासुर्गमला झालं आहे. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट १८८४ च्या सुमारास तिथे खणत होते. अलीकडे पुन्हा उत्खनन झालं आणि २०१४ मध्ये तिथल्या हाडांचा दोन लाख वर्षांचा हिशोब प्रसिद्ध झाला. ओळख पटलेल्या २१ सस्तन प्रकारांपैकी एक सोडून बाकी सगळे उपखंडात टिकून राहिल्याचं त्यात दिसलं.

स्पेनहून परतल्यावर मी गावच्या पडक्या वाड्यातून घुबडाची एक गोळी आणली. काळी, वाळलेली, अंगठ्याहून थोडी जाड. कोमट पाण्यात तासभर भिजवली, चिमट्यानं केस सोडवले. दोन उंदरांच्या कवट्या निघाल्या आणि एक चिचुंद्रीची. तिचे दात पांढरे. दाढांचे कोपरे इतके तीक्ष्ण, की बोटाला टोचले. या वेळी मी काही दाबलं नाही.

त्या वाड्यातलं घुबड अपशकुनी म्हणून लोक हाकलायला निघाले होते. तुमच्याकडे असं घुबड बसत असेल तर बसू द्या. खाली पडलेल्या गोळ्या उचला, हातमोजे घाला, नंतर हात साबणानं धुवा, आणि कोणती गोळी कुठे, कोणत्या तारखेला मिळाली याची चिठ्ठी मात्र लगेच बांधा.