मान वर गेली की 'मी' लहान होतो

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज रस्त्यावर येतात आणि गर्दीतल्या माना एकदम वर जातात. पांढऱ्या बाराबंदीतला एक जण नंदीध्वजाची उंच काठी पेलून चाललेला असतो. 'हर्र'चा गजर उठतो, अंगावर सर्रकन काटा येतो.

या काट्याचं शरीरशास्त्र साधं आहे. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात, थंडीत आखडतात तसेच. आपल्या परंपरेनं त्यालाच 'रोमांच' म्हणून अष्टसात्त्विक भावांत जागा दिली.

त्यामागची भावना विस्मयाची. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली तिच्या दोन खुणा सांगितल्या: समोरचं आपल्या मापात मावत नाही, आणि ते मावावं म्हणून मनाला स्वतःची चौकट मोठी करावी लागते. मग 'मी' आपोआप लहान होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात काही जण मिनिटभर उंच निलगिरीच्या झाडांकडे पाहत राहिले, तर काही जण इमारतीकडे. नंतर प्रयोगकर्त्याच्या हातून पेनं सांडली, तेव्हा झाडं पाहणाऱ्यांनी ती जास्त उचलून दिली.

विस्मयानं अलौकिकावरचा विश्वास वाढतो, असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. न उलगडणारं समोर आलं की मन त्यामागचा कर्ता शोधू लागतं. देव आहे की नाही, याचा निकाल मात्र त्यातून लागत नाही. तोच विस्मय एकाला देवळात नेतो, दुसऱ्याला दुर्बिणीपाशी.

पण विस्मय हा पाहुणा. आला तसा जातो. धर्मजीवनानं त्याला दरवर्षीचं आवतण दिलं. सोलापूरची यात्रा हे तसंच आवतण. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजे याच सिद्धेश्वरांच्या, योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, ही कथा. तिच्या आठवणीत आधी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम. हजारो हातांतून अक्षता एकाच क्षणी उडतात. एकत्र आलेल्या समूहात उसळणाऱ्या या चैतन्याला समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिम यांनी १९१२ मध्येच धर्माच्या मुळाशी ठेवलं होतं.

काठीखालच्या माणसाला यातलं फारसं दिसत नाही. त्याचं सगळं ध्यान तोलावर. पण काठी जरा कलली, की भोवतीचे हात न सांगता पुढे होतात. तिथे पेनं होती, इथे नंदीध्वज.