रुळाच्या पोटातली चीर

रेल्वेचा रूळ वरून गुळगुळीत दिसला तरी त्याच्या पोटात चीर असू शकते. रोज रुळांवरून चालत जाऊन तपासणी करणाऱ्या कीमॅनला सैल झालेली क्लिप किंवा तुटलेला रूळ दिसतो, पण आतली चीर दिसत नाही. ती शोधायला श्राव्यातीत ध्वनिलहरी, म्हणजे सोनोग्राफीचेच तंत्र, वापरतात.

रुळांवरून ढकलत न्यायच्या छोट्या गाडीला लहरी सोडणारे आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपणारे प्रोब लावलेले असतात. प्रोब आणि पोलाद यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून पाण्याची धार सोडतात. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो. ६० किलो प्रतिमीटर वजनाचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. त्यामुळे तळाचा प्रतिध्वनी सुमारे ५८ मायक्रोसेकंदांत परततो. त्याआधीच एखादा प्रतिध्वनी आला, तळाचा क्षीण झाला किंवा आलाच नाही, तर दोषाची शंका घेतात. चिरा आडव्या, उभ्या, तिरप्या कशाही असतात, म्हणून काही प्रोब सरळ, तर काही तिरपे बसवतात.

या तंत्रालाही मर्यादा आहेत. रुळाच्या पायाच्या दोन्ही कडांपर्यंत वरून सोडलेल्या लहरी पोहोचत नाहीत आणि पृष्ठभागावरच्या बारीक चिरांमुळे खालचा मोठा दोष झाकला जाऊ शकतो. शिवाय दोष कळला एवढेच पुरेसे नसते. इंग्लंडमध्ये हॅटफील्डला १७ ऑक्टोबर २००० रोजी रूळ फुटून चार प्रवासी दगावले. त्या रुळातल्या चिरा रेल्वेला आधीपासून माहीत होत्या. यंत्राने दोष दाखवला, तरी रूळ वेळेत बदलला तरच अपघात टळतो.