एल्ड्रिज स्ट्रीटचं सिनेगॉग

न्यूयॉर्कला भाचीकडे गेलो होतो, तेव्हा चायनाटाउनमधलं एल्ड्रिज स्ट्रीट सिनेगॉग आवर्जून पाहिलं. जुन्या वास्तूंची आवड असेल तर चुकवू नका.

१८८७ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी ते बांधलं. पुढे त्यांची मुलं-नातवंडं दुसरीकडे राहायला गेली, वस्ती हळूहळू चिनी झाली. १९५० च्या दशकात मुख्य प्रार्थनागृहाला कुलूप लागलं. मोजकी माणसं खालच्या मजल्यावर प्रार्थना करत राहिली. वर छत गळत होतं, कबुतरं शिरली होती.

१९८६ मध्ये पत्रकार रोबर्टा ग्रॅट्झ यांच्या पुढाकाराने जतनाची मोहीम सुरू झाली. काम पुरं झालं २००७ मध्ये!

प्रार्थनेत डुलणाऱ्यांच्या पावलांनी लाकडी जमिनीत पडलेले खळगे जतन करणाऱ्यांनी तसेच ठेवलेत. हे मला फार भावलं. तासून सपाट करणं सोपं होतं.

पूर्वेची मूळ खिडकी मात्र गेलेली, आणि ती कशी होती याची नोंदच नव्हती. मग अंदाजाने जुनी घडवण्याऐवजी २०१० मध्ये किकी स्मिथ आणि डेबोरा गॅन्स यांनी रचलेली नवी, निळी, चांदण्यांची गोल काचखिडकी बसवली. मला हा निर्णय शंभर टक्के पटतो.

आता तिथे संग्रहालय आहे.