जवाच्या जागी ज्वारी

हिंगोली किंवा वसमतच्या बिअर शॉपीत गिऱ्हाइकाला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : स्ट्राँग की माइल्ड? ही वर्गवारी उत्पादन शुल्क खात्याची. अल्कोहोल पाच टक्क्यांपर्यंत असेल तर माइल्ड, त्याहून जास्त असेल तर स्ट्राँग. चव, वास, रंग यांबद्दल त्यातून काहीच कळत नाही. दोन्ही बाटल्यांत बहुतेक वेळा लागरच असते : गारव्यात सावकाश आंबवलेली, पिवळी, नितळ बिअर. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत शहरातल्या पिणाऱ्यांची जीभ बदलत गेली. गव्हाची गढूळ बिअर, काळी स्टाउट, कडवट पेल एल असे प्रकार लोक नाव घेऊन मागू लागले.

एवढे प्रकार होतात कसे? कच्चा माल तर चारच गोष्टींचा : पाणी, मोड आणून वाळवलेलं धान्य म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो, पण तिच्यात केळं नसतं. तिथलं यीस्ट साखर आंबवताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे संयुग तयार करतं आणि पिकल्या केळ्याचा वासही त्याचाच. स्टाउटचा काळेपणा जव करपायच्या बेतापर्यंत भाजल्याने येतो. हॉप्समधली कडू आम्लं चव तर देतातच, शिवाय बिअर नासवणाऱ्या अनेक जीवाणूंना रोखतात. इंग्लंडहून महिनोन्‌महिने जहाजात हिंदकळत हिंदुस्थानातल्या छावण्यांपर्यंत येणाऱ्या पेल एलमध्ये हॉप्स सढळ हाताने घालत, ते त्यासाठीच.

मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटते ती पाण्याची गोष्ट. पिल्सेन या चेक शहराचं पाणी अगदी मृदू. १८४२ मध्ये तिथे फिकट सोनेरी पिल्सनर जन्मली. डब्लिनचं पाणी चुनखडीतून येणारं, बायकार्बोनेटने भरलेलं. माल्टमधल्या विकरांना काम करायला थोडी आम्लता लागते आणि असं पाणी ती मारून टाकतं. भाजलेलं काळं धान्य आम्लता परत आणतं, म्हणून डब्लिनला काळी बिअर जमली. आपल्याकडे बेसाल्टच्या खडकातलं, तुरीची डाळ लवकर शिजू न देणारं बोअरचं पाणीही पुष्कळदा याच जातीचं असतं.

पाणी आपलं, मग धान्य का नाही? जव मराठवाड्याचं पीक नाही. ज्वारी मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची, सोयाबीनने तिची खरिपाची जागा बळकावली असली तरी. तिची बिअर करणं जवाइतकं सोपं नाही, आणि अडचणी मोठ्या रंजक आहेत. जवातला स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुलतो आणि त्याच तापमानाला माल्टमधली विकरं त्याची साखर करतात. ज्वारीचा स्टार्च फुलायला सत्तर अंशांच्या वर जावं लागतं आणि तोवर तिची विकरं निकामी व्हायला लागतात. त्यातून माल्टोज साखर बनवणारं बीटा-अमायलेज ज्वारीत मुळातच कमी. जवाचं टरफल दाण्याला चिकटून राहतं आणि रस गाळताना त्याचीच चाळणी होते. ज्वारीचा दाणा उघडा, त्यामुळे रस गाळायलाही त्रास.

आणखी एक गोष्ट हिंगोलीच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. कोवळ्या ज्वारीचे पोंगे जनावरांनी खाल्ले की विषबाधा होते. कारण त्यातलं धुरिन हे द्रव्य, ज्यातून सायनाइड सुटतं. मोड आलेल्या दाण्यातही ते तयार होतं, मुख्यतः कोंबात आणि मुळांत. म्हणून ज्वारीचं माल्ट वाळवलं की कोंब आणि मुळं चोळून काढून टाकावीच लागतात.

आफ्रिकेने हे सगळे प्रश्न सोडवले आहेत. दक्षिण आफ्रिकेतली पारंपरिक उमकोंबोथी ज्वारीच्या माल्टची, दाट आणि आंबट. तिचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, आपल्या आंबलीसारखाच. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनी बाहेरून विकरं घालून ज्वारी आणि मक्यावर लागर काढली. युगांडात २००२ मध्ये ईगल ही बिअर एपुरिपुर नावाच्या पांढऱ्या, कमी टॅनिनच्या ज्वारीवर सुरू झाली, आणि सरकारने तिच्यावरचा कर कमी ठेवला. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे सीलिअ‍ॅकच्या रुग्णांसाठीही अशी बिअर बनवतात.

हिंगोली १९९९ पर्यंत ज्या परभणी जिल्ह्यात होता, तिथल्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचे अनेक वाण दिले आहेत. लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ त्यांतलीच. भाकरी आणि कडबा डोळ्यांपुढे ठेवून होणाऱ्या या निवडीत माल्टचा निकषही तपासायला हवा, असं मला ठामपणे वाटतं : कोणत्या वाणात विकरं जास्त, टॅनिन कमी, दाणे एकसारखे उगवणारे. त्यातून निघालेलं माल्ट बाळांच्या खिरीलाही उपयोगी पडेल. बिअरबाबत मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेला इशारा इथे सांगायलाच हवा : अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही.

राज्याने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढायला प्रोत्साहन दिलं, तेव्हा पावसात काळी पडलेली ज्वारी खपेल, असं सांगितलं गेलं आणि त्यावर मोठा वादही झाला. बिअरला ही पळवाट नाही. काळ्या पडलेल्या दाण्यावर फ्युझेरियम, कर्व्हुलॅरिया अशा बुरशा असतात, त्यांनी अंकुर मरतो आणि मोडच येत नाहीत. काही फ्युझेरियम विषही सोडतात. माल्टला लागतो तो टपोरा, निरोगी, भरपूर उगवणारा दाणा, म्हणजे भाकरीसाठी घरात राखून ठेवतात तोच.