चरबीतील मूलपेशी आणि कर्करोग

कर्करोगाचे निदान झाले की घरातील सर्वांचेच हातपाय गळतात. अशा वेळी कोणी येऊन सांगितले की, "पोटाची चरबी काढून त्यातील स्टेम सेल टोचले की रोग मुळापासून जातो," तर दागिने मोडून, कर्ज काढूनही ते करण्याची माणसाची तयारी होते. त्या क्षणी निर्णय घेणाऱ्याला निदान मूळ शास्त्र ठाऊक असावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. विद्यार्थी मित्रांनी तो स्वतः वाचावा आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगावा.

मूलपेशी म्हणजे काय?

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींची कामे ठरलेली असतात. स्नायूची पेशी आकुंचन पावते, मज्जापेशी संदेश नेते. मात्र काही थोड्या पेशी अशा असतात की, ज्या स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करतात आणि गरज पडल्यास वेगळ्या प्रकारच्या पेशींतही त्यांचे रूपांतर होऊ शकते. त्यांनाच मूलपेशी म्हणतात.

पूर्वी चरबी म्हणजे जादा अन्नाचे कोठार, एवढेच समजले जाई. प्रत्यक्षात चरबीत मेदपेशींबरोबर रक्तवाहिन्या, रोगप्रतिकारक पेशी आणि मूलपेशीही असतात. २००१ साली अमेरिकेत पॅट्रिशिया झुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत शोषून काढलेल्या चरबीतून या पेशी वेगळ्या केल्या. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून मेद, हाड व कूर्चा यांच्या पेशी तयार होऊ शकतात, असे त्यांनी दाखविले. एरवी फेकून दिली जाणारी चरबी अशा रीतीने एकदम मोलाची ठरली.

या पेशींचे शरीरातील काम मुख्यतः डागडुजीचे आहे. जखम झालेल्या जागी त्या नव्या रक्तवाहिन्या वाढविणारी द्रव्ये सोडतात, दाह आटोक्यात आणतात आणि ऊतीची बांधणी करण्यास मदत करतात. थोडक्यात, त्या शरीराच्या गवंडी आहेत.

गवंडी चोराच्या घरी

आता कर्करोगाकडे वळू. १८८९ साली इंग्लंडमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी कर्करोगाच्या प्रसाराला बी आणि माती यांची उपमा दिली होती. बी कितीही जोमदार असले, तरी माती अनुकूल नसेल तर ते रुजत नाही. पुढे १९८६ साली हॅरल्ड ड्वोरॅक यांनी कर्करोगाची गाठ म्हणजे कधीही न भरणारी जखम होय, असा विचार मांडला. या दोन विचारांत आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

गाठीला वाढण्यासाठी रक्तपुरवठा लागतो. म्हणून ती जखमेसारखेच संकेत पाठविते. डागडुजी करणाऱ्या पेशींना खरी जखम आणि कर्करोगाची गाठ यांतील फरक कळत नाही. गवंडी बोलावणे येईल तेथे जातो. घर सज्जनाचे की चोराचे, हे तो विचारीत नाही. ह्यूस्टन येथील मिखाईल कोलोनिन यांच्या गटाने २००९ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, चरबीतील पेशी गाठीपर्यंत पोहोचतात आणि गाठीच्या वाढीला हातभार लावतात. तेथे त्या रक्तवाहिन्यांना आधार देतात, वाढीस पोषक द्रव्ये सोडतात आणि काही वेळा गाठीभोवतीच्या आधारऊतीचा भाग बनतात.

दुसरा मार्ग संप्रेरकांचा आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या अंडाशयात इस्ट्रोजेन जवळजवळ तयार होत नाही. ते मुख्यतः चरबीत तयार होते, कारण तेथील मेदपेशी होऊ घातलेल्या आधारपेशींत अॅरोमाटेज नावाचे विकर असते. स्तनाच्या अनेक कर्करोगांना इस्ट्रोजेनचे खतपाणी लागते. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल ही औषधे नेमके हेच विकर रोखतात. चरबीचे शास्त्र समजल्याने रुग्णाचा कसा फायदा होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

याचा सामान्य जीवनाशीही संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जादा चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी असल्याचे जाहीर केले. त्यांत रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग, तसेच गर्भाशय, मोठे आतडे, मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड व पित्ताशय यांचे कर्करोग येतात. यामागे मूलपेशी हे एकमेव कारण नाही. इन्सुलिन आणि दीर्घकाळचा दाह हीदेखील कारणे आहेत.

दुसरी बाजू

या पेशी सर्वत्र घातकच ठरतात, असेही मात्र नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चरबीतील पेशींमुळे स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी मेल्याचे दिसले. गाठीकडे जाण्याची त्यांची सवय उपयोगात आणता येईल काय, यावरही संशोधन झाले आहे. २००७ साली स्लोव्हाकियातील शास्त्रज्ञांनी या पेशींत एक जनुक घालून, निरुपद्रवी औषधाचे गाठीजवळच मारक औषधात रूपांतर करून दाखविले. पण हे सर्व प्रयोगशाळेतील व उंदरांवरील काम आहे. तेथून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट लांब असते.

स्तन काढल्यानंतर आकार पूर्ववत करण्यासाठी स्वतःचीच चरबी भरण्याची शस्त्रक्रियाही केली जाते. तिने रोग उलटेल, अशी भीती होती. २०१६ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातील अभ्यासात एकूण रुग्णांमध्ये असे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. तरीही हा निर्णय कर्करोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावा.

सावध कसे राहावे?

रक्ताच्या कर्करोगातील अस्थिमज्जा रोपण हा सिद्ध उपचार आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ते १९८३ सालीच झाले. परंतु त्यात वापरतात त्या रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी. चरबीतील पेशी वेगळ्या. नेमका हाच घोटाळा करून जाहिरातदार लोकांना फसवितात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तजनक मूलपेशींचे ठराविक आजारांतील रोपण वगळता मूलपेशींचा अन्य वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे चरबीतील पेशी डोळ्यांत टोचल्यानंतर तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याचे वृत्त २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात आले.

म्हणून असा उपचार कोणी सुचविला, तर तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी आहे की सिद्ध उपचार? चाचणी असल्यास राष्ट्रीय नोंदवहीतील तिचा क्रमांक कोणता? आणि माझ्यासारख्या रुग्णांवर तिचा परिणाम कोठे प्रसिद्ध झाला आहे? उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे देऊ नयेत आणि चालू उपचार तर मुळीच सोडू नयेत.

गवंड्याला दोष देऊन उपयोग नाही. चोराचे घर उभेच राहू नये, यासाठी वजन आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, तंबाखूला हात न लावणे आणि गाठ आढळताच वेळ न दवडता तपासणी करणे, हे आपल्या हाती आहे. आमच्या सभासदांनी एवढे जरी केले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.